लाल फुलीच्या अलीकडे: मुलांची चूक वाचायची कशी?

५२ वजा २८. तिसरीच्या वर्गात हे गणित फळ्यावर लिहा आणि वह्या गोळा करा. उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात: २४, ३६ आणि ३४. चोवीस बरोबर. उरलेल्या दोन्हींवर सारखीच लाल फुली पडते, दोन्ही मुलांना "लक्ष कुठं असतं तुझं?" हे एकच वाक्य ऐकायला मिळतं, आणि घरी गेल्यावर दोघांनाही तेच गणित पाच-पाच वेळा लिहायला बसवलं जातं.

या दोघांचं दुखणं मात्र वेगवेगळं आहे. ३६ लिहिणाऱ्यानं एककाच्या घरात बघितलं, २ मधून ८ जात नाहीत, म्हणून त्यानं ८ मधून २ वजा केले. त्याला हातचा हा प्रकार अजून कळलेलाच नाही. ३४ लिहिणारीला हातचा कळलाय. तिनं दशकाकडून दहा आणले, २ चे १२ केले, १२ मधून ८ गेले, ४ उरले. इथवर सगळं चोख. फक्त दशकाच्या घरातल्या ५ चे ४ करायचे राहिले. पहिल्याला विषय मुळातून दाखवावा लागेल. दुसरीला एका पायरीवर बोट ठेवून थांबवलं तरी पुरे. दोघांकडून तेच गणित पाच वेळा लिहून घेतलं, तर दोघंही आपापली चूक पाच वेळा घोटून पक्की करतील.

मूल मनाला येईल तो आकडा सहसा लिहीत नाही. त्याच्या डोक्यात एक नियम असतो आणि त्या नियमानं ते इमानदारीनं चाललेलं असतं. नियम अर्धा असेल, चुकीच्या जागी वापरलेला असेल, पण असतो. तो नियम शोधून काढणं म्हणजे चूक वाचणं. पालकांना हे जमतं, त्यासाठी डी.एड. व्हावं लागत नाही. थोडी तयारी मात्र लागते.

गणित नीट निवडा

आता २८ च्या जागी २७ घ्या. ५२ वजा २७. उलटी वजाबाकी करणारा ७ मधून २ काढून ५ लिहील, दशकात ३, उत्तर ३५. हातचा घेऊन दशक कमी करायला विसरणारी १२ मधून ७ काढून ५ लिहील, दशकात ३, तिचंही उत्तर ३५. चुका दोन, उत्तर एकच. एककाच्या दोन अंकांत पाचचा फरक असला की असं होतं. म्हणून मूल कुठं अडलंय ते शोधायचं असेल तेव्हा २ आणि ७, ३ आणि ८, ४ आणि ९ अशा जोड्या टाळायच्या. सरावाला त्या चालतात.

एका गणितावरून निकालही लावू नये. एकाच धाटणीची पाच-सहा गणितं द्या. सगळीकडे तीच चूक दिसली तर डोक्यातला नियम चुकलाय. एखाद्याच ठिकाणी चुकलं आणि "पुन्हा एकदा बघ" म्हटल्यावर मुलानं स्वतःच दुरुस्त केलं, तर ती निसटती चूक. तिच्यावर वेळ घालवू नका. चुका सगळ्या पानाच्या खालच्या अर्ध्यात असतील तर मूल दमलंय. त्याला गणितं कमी द्यायची.

हातचा न कळलेल्या मुलासाठी सगळ्यात चांगलं साधन घरातच असतं: दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी. नोटा नसतील तर कागदाचे तुकडे करून त्यावर १० लिहा. मुलाच्या हातात पाच नोटा आणि दोन नाणी द्या. तुम्ही दुकानदार. "अठ्ठावीस रुपये झाले." मूल दोन नोटा देईल, मग दोन नाणी देईल आणि अडकेल. इथं तुम्ही गप्प राहायचं. बहुतेक मुलं पंधरा-वीस सेकंदांत स्वतःच म्हणतात, "एक नोट सुट्टी करून द्या की." एक नोट गेली, दहा नाणी आली. सहा अजून द्यायची होती ती दिली, उरल्या दोन नोटा आणि चार नाणी. पण या क्रमात मोजताना गडबड होऊ शकते, म्हणून सुरुवातीपासून करून दाखवताना क्रम वहीतलाच ठेवा: आधी नोट मोडून बारा नाणी करायची, त्यातली आठ द्यायची, मग उरलेल्या चार नोटांतल्या दोन द्यायच्या. दोन नोटा, चार नाणी. चोवीस. नोट हातातून गेलेली डोळ्यांना दिसते, त्यामुळे ५ चे ४ करायचं विसरणाऱ्या मुलीलाही याचाच उपयोग होतो.

तीन-चार दिवस नोटांनी खेळून झालं की पुढे नोटा मोडतानाच शेजारी वहीत लिहायचं. नोट मोडली की वहीत ५ खोडून ४. नुसत्या नोटा किंवा नुसती वही, असं केलं तर दोन्हींचा सांधा मुलाच्या डोक्यात जुळत नाही, आणि "घरी येतंय, पेपरात येत नाही" अशी तक्रार राहते.

शून्य आलं की पुढची अडचण. ४०३ वजा १६८ चं उत्तर २३५. एखादं मूल १४५ लिहितं. हे उत्तर बारकाईनं बघण्यासारखं आहे, कारण ते बरोबर नव्वदनं कमी आहे. मुलाला एककासाठी दहा हवे होते, दशकाच्या घरात शून्य दिसलं, म्हणून त्यानं थेट शतकाकडून उसने आणले. शतकाचे ४ चे ३ केले आणि एककाला दहा दिले. शंभर मोडले आणि दहाच घेतले, मधले नव्वद हवेत विरले. मग दशकाला पुन्हा कमी पडलं म्हणून आणखी एक शतक मोडलं. शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा, त्यातली एक मोडून दहा नाणी, मागे नऊ नोटा शिल्लक. हे हातानं एकदा केलं की शून्याच्या डोक्यावर ९ का लिहायचे ते मुलाला स्वतःलाच दिसतं. "शून्याचे नऊ करायचे" असं नुसतं पाठ करून घेतलेलं मूल पुढे ४१३ मध्येही १ चे ९ करून बसतं.

आणखी एक गोष्ट हमखास घडते. हातच्याची वजाबाकी जमायला लागली की मूल ५८ वजा २३ मध्येही हातचा घेतं, १८ मधून ३ काढून १५ लिहितं, आणि उत्तर २१५ येतं. घाबरायचं कारण नाही. नवं हत्यार हातात आलं की ते सगळीकडे चालवून बघितलं जातं. रोजच्या पाच गणितांत दोन बिनहातच्याची मिसळा, आणि सोडवण्याआधी फक्त विचारा, "इथं नोट मोडायला लागेल काय?"

पंचवीस ऐकलं, ५२ लिहिलं

मराठी आकड्यांत एक अडचण आहे, ती आपल्याला सवयीनं जाणवत नाही. पंचवीस म्हणताना आधी पाच येतात, मग वीस. लिहिताना आधी २, मग ५. कानाचा क्रम एक, हाताचा क्रम दुसरा. ऐकल्या क्रमानं लिहिणारं मूल पंचवीसचे ५२ करतं, सदतीसचे ७३. त्यात अकरापासून नव्याण्णवपर्यंतची नावं इतकी वेगवेगळी झिजलेली आहेत की जवळजवळ प्रत्येक नाव स्वतंत्र लक्षात ठेवावं लागतं. एकावन्न, बावन्न, पण त्रेपन्न, चोपन्न. त्रेसष्ट, पण त्र्याहत्तर.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास तीन' अशी संख्यावाचनाची पद्धत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचं म्हणणं मुळात याच अडचणीबद्दल होतं. आमचं मत असं की दोन्ही नावं शेजारी शेजारी चालावीत. मंडईत, एसटीत, घरात पंचवीसच म्हणतात, त्यामुळे ते नाव यायलाच हवं. पण अडणाऱ्या मुलाला महिना-दोन महिने 'वीस पाच म्हणजेच पंचवीस' असा हात धरायला काहीच हरकत नाही.

तपासायचं कसं? उलटसुलट जोड्या सांगा: पंचवीस, बावन्न, सदतीस, त्र्याहत्तर, सेहेचाळीस, चौसष्ट. मूल कुठं उलटं लिहितंय ते सहा आकड्यांत कळतं. मग वहीत दोन चौकोन आखा, डावा दशकाचा, उजवा एककाचा. "पंच" ऐकलं की पेन्सिल उजव्या चौकोनात, "वीस" ऐकलं की डाव्यात. जोडीला नावाचं शेपूट ओळखायला शिकवा: वन्न किंवा पन्न आलं की पन्नाशी, सष्ट म्हणजे साठी, हत्तर म्हणजे सत्तरी, ऐंशी तर तसंच, आणि ण्णव म्हणजे नव्वदी. शेपटावरून दशक कळतं, डोक्यावरून एकक.

एकोणतीस हा वेगळाच मामला. शेपूट 'तीस' ऐकून आणि ९ आठवून मूल ३९ लिहितं. 'एकोण' म्हणजे एक ऊन, एक कमी, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दहाच्या तीन नोटा ठेवा, "एक रुपया कमी कर" म्हणा. नोट मोडावी लागेल, उरतील दोन नोटा आणि नऊ नाणी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हे चालतं. नव्याण्णवला मात्र नियम मोडतो, तेही सांगून टाका.

सेमी-इंग्रजीतल्या मुलांवर आणखी एक ओझं असतं: दोन लिप्यांतले अंक. मराठी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो, मराठी १ इंग्रजी नवासारखा. अशा मुलाची बेरीज चुकली असेल, तर आधी त्यानं अंक कुठल्या लिपीत वाचला ते विचारा.

हुशार चुका

काही चुका प्रगतीची खूण असतात. लहान मूल आधी "मी केलं" म्हणत असतं आणि अचानक एके दिवशी "मी करलं" म्हणायला लागतं. आईला वाटतं मागे गेलं. खरं तर त्याला बसलं, हसलं, चढलं यांतला नियम सापडलेला असतो आणि ते तो सगळीकडे लावून बघत असतं. साडेतीन, साडेचार ऐकून "साडेएक, साडेदोन" म्हणणारं मूलही तसंच. अंबाबाईमुळे साडेतीन शक्तिपीठं कोल्हापुरातल्या पोराच्या कानावर लहानपणापासून असतात. साडे म्हणजे वर अर्धा, हे त्यानं स्वतः ताडलंय. त्याला हसू नका. "बरोबर हिशेब केलास, फक्त साडेएकला आपण दीड म्हणतो आणि साडेदोनला अडीच" एवढं पुरे.

शुद्धलेखनात 'फूलाला' लिहिणारी मुलगी याच जातीची. फूल मध्ये दुसरा उकार आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तिनं तो जपला. प्रत्यय लागताना शेवटून दुसरा दीर्घ ऱ्हस्व होतो, फूल-फुलाला, वीट-विटेला, मूल-मुलाला, हे पुढचं पान तिनं अजून उलटलेलं नाही. शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, पाणी, कवी, गुरू, हा नियम शिकून 'आणी' लिहिणाऱ्यालाही रागवू नका. 'आणि' हा अपवाद आहे, एवढंच सांगायचं.

पंचगंगेतले दोन अनुस्वार

एखादा मुलगा श्रुतलेखनात 'अम्बाबाई' आणि 'रन्काळा' लिहितो. बाईंना वाटतं याला अनुस्वारच येत नाही. पण हा मुलगा कानानं तिखट आहे. अनुस्वाराचा उच्चार पुढच्या अक्षरावर ठरतो. अंबाबाईत पुढे ब आहे, ओठ मिटतात, म्हणून म ऐकू येतो. कुरुंदवाडमध्ये पुढे द आहे, जीभ दातांना लागते, न ऐकू येतो. रंकाळ्यात पुढे क आहे, नाद घशाजवळ जातो, आणि त्यासाठी मुलाला अक्षर सापडत नाही म्हणून ते न लिहितं. पंचगंगा या एका शब्दात तर दोन अनुस्वार आहेत आणि दोन्हींचा नाद वेगळा. मुलाला हा शब्द सावकाश म्हणायला लावा, जीभ कुठं लागते ते बोटानं गालावर दाखवायला सांगा. मग सांगा, "हे सगळे नाद एका टिंबात बसवायचे, अशी लिहिणाऱ्यांनी सोय केलीय." असा शिकलेला अनुस्वार सहसा विसरला जात नाही.

रफार असाच चुकीच्या डोक्यावर बसतो. पर्वत लिहिताना रफार प वर देणारं मूल र ऐकतं बरोबर, पण तो कुणाच्या डोक्यावर द्यायचा ते ठाऊक नसतं. टाळी वाजवत म्हणायचं: पर्-वत. र् नंतर जे अक्षर उच्चारलं त्याच्या डोक्यावर रफार. पहिल्या वेलांटीचंही तेच, ती दिसते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर, त्यामुळे नुकतं वाचायला लागलेलं मूल ती मागच्या अक्षराला जोडून टाकतं. अक्षर आणि वेलांटी मिळून एकाच रंगात रंगवून दाखवलं की हे लवकर सुटतं.

आता घरच्या बोलीचं. करवीर, कागल, राधानगरीकडची मुलं 'पानी', 'हितं', 'व्हता' असं लिहितात, कारण घरात तसंच बोललं जातं. कोल्हापुरी बोलीत बायकाही "मी आलो, मी गेलो" म्हणतात. आई, आजी, आत्या सगळ्या तसं म्हणत असताना तिसरीतली मुलगी निबंधात "मी जत्रेला गेलो" लिहिते, आणि शाळेत त्याखाली लाल रेघ येते. तिच्या घरच्या व्याकरणानं ते वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. तिला "हे चूक" म्हणालात, तर तिच्या आईचं बोलणं चूक असा त्याचा अर्थ होतो, आणि अशी मुलगी हळूहळू वर्गात तोंड उघडायचं बंद करते. वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'घरात', उजवीकडे 'पुस्तकात'. मी गेलो, मी गेले. पानी, पाणी. हितं, इथे. आठवड्याला चार-पाच जोड्या मुलीनंच शोधून भरायच्या. दोन्ही आपल्याच, कुठं कुठली वापरायची एवढाच फरक. काही महिन्यांत ही मुलं लिहिताना आपसूक गाडी बदलतात. बोलताना बदललीच पाहिजे असा आग्रह आम्ही धरत नाही.

वाचतं, पण कळत नाही

"फडाफडा वाचतो, पण विचारलं तर काही सांगता येत नाही" किंवा "एक ओळ वाचायला पाच मिनिटं लावतो" या दोन तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा एकच गोष्ट असते. माणसाचं मन एका वेळी थोड्याच गोष्टी हातात धरू शकतं. मोठ्यांनासुद्धा एका वेळी तीन-चार नव्या गोष्टींच्या वर धरणं जड जातं, मुलांना त्याहून कमी. हे वाक्य घ्या: 'कपिलतीर्थ मार्केटमधल्या मावशींनी मेथीची जुडी पंधरा रुपयांना दिली.' क-पि-ल-ती-र्थ असं अक्षर लावत जाणाऱ्या मुलाची सगळी ताकद अक्षर ओळखण्यात जाते. 'दिली' पर्यंत पोचेस्तोवर मावशी आणि मेथी दोन्ही हातातून निसटलेल्या असतात. आणि फडाफडा वाचणारं मूल अनेकदा पाठ झालेला धडा म्हणत असतं, किंवा चुका होऊ नयेत एवढ्यावरच त्याचं लक्ष असतं.

आधी मजकूर मुलाच्या आवाक्यातला आहे का ते बघा. न वाचलेला उतारा द्या, पन्नास शब्द मोजा. पाचपेक्षा जास्त ठिकाणी मूल अडखळलं तर मजकूर जड आहे. एक इयत्ता खाली या. आवाक्यातला, साठ-सत्तर शब्दांचा उतारा मिळाला की तोच तीन-चार दिवस घ्यायचा. पहिल्या दिवशी तुम्ही वाचा, मूल बोट फिरवत ऐकेल. मग दोघं मिळून. मग एकट्यानं. रोज दहा मिनिटं. चौथ्या दिवशी मूल अक्षर लावायच्या कष्टातून मोकळं झालेलं असतं आणि तेव्हा अर्थ आत शिरायला जागा मिळते. पालक इथं एक चूक करतात, रोज नवा धडा घेतात. त्यानं रोज नव्यानं अडखळायचाच सराव होतो.

वाचून झाल्यावर "कळलं काय?" विचारू नका, त्याला सगळे मान डोलावतात. "मावशींनी काय विकलं? पन्नासची नोट दिली असती तर किती परत आले असते?" असं विचारा.

पाचवी-सहावीतल्या मुलाच्या हातात दुसरीचं पुस्तक दिलं तर त्याला लाज वाटते, आणि ती खरी असते. त्याच्यासाठी दुसरं वाचन शोधा. स्टँडवरच्या गाड्यांच्या पाट्या जोडाक्षरांसाठी उत्तम आहेत: गडहिंग्लज, पन्हाळा, ज्योतिबा. फुटबॉलचं वेड असेल तर शाहू स्टेडियमवरच्या सामन्याची बातमी द्या. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्यातल्या सामन्यात कोण कुठं खेळतं हे त्याला आधीच माहीत असतं, म्हणून अवघड शब्दही संदर्भानं उलगडतात. विषयाची माहिती आधी असली की वाचन सोपं होतं. इतिहासाच्या धड्यात अडणाऱ्या मुलाला धडा वाचायच्या आधी त्यातली गोष्ट तोंडी सांगा, तीही याच कारणासाठी.

विचारायचं कसं

या सगळ्याचा गाभा एका प्रश्नात आहे: "कसं केलंस, सांग की." फक्त तो चुकलेल्या उत्तरालाच विचारला, तर आठवडाभरात मुलाला कळतं की हा प्रश्न आला म्हणजे चुकलं, आणि ते तोंड उघडायच्या आधी खोडरबर शोधतं. म्हणून बरोबर उत्तरालाही तोच प्रश्न, त्याच आवाजात. मूल बोलत असताना मध्ये "अगं पण" नाही, भुवया उंचावणं नाही. बोलून होईपर्यंत थांबा. पुष्कळ मुलं अर्ध्यात स्वतःच "थांबा, चुकलं" म्हणतात. मुलाला असं बोलतं करणं कोल्हापूरला नवं नाही. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये इथं सृजन आनंद विद्यालय सुरू केलं ते मुलांच्या अनुभवातून आणि प्रश्नांतून शिकवण्यासाठीच.

खोडरबर दप्तरात राहू दे, टेबलावर नको. चुकलेल्यावर एक आडवी रेघ आणि शेजारी नवं उत्तर. खोडलेली चूक पालकांना वाचता येत नाही आणि मुलालाही पुन्हा बघता येत नाही. पान घाण दिसतं म्हणून शाळेतून कुरकुर आली तर घरी वेगळी कच्ची वही ठेवा.

एका बैठकीत एकच चूक धरायची, वेळ पंधरा मिनिटं. खेळून आल्यावर, पोटात काहीतरी गेल्यावर. रात्री नऊनंतर घेतलेला अभ्यास दोघांच्या आवाजाची पट्टी वाढवतो, बाकी फार काही करत नाही. सुटलेली चूक दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा दोन गणितांत तपासा. त्या दिवशी आलं म्हणजे कायमचं आलं असं होत नाही.

काही चुका डोक्यातल्या नसतात. पुस्तकातून बरोबर उतरवणारं मूल फळ्यावरून चुकीचं उतरवत असेल तर आधी डोळे तपासा. बघून बरोबर लिहिणारं मूल ऐकून लिहिताना त-थ, प-फ, ब-भ यांची गल्लत करत असेल, किंवा सर्दीच्या दिवसांत जास्त चुकत असेल, तर कान. सरकारी शाळांतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा मुलाला गैरहजर ठेवू नका. मधल्या काळात कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात दाखवता येतं.

आणि नियम सांगून, नोटा वापरून, चार-सहा महिने सावकाश शिकवूनही आठ-नऊ वर्षांचं मूल ब-व, घ-ध, भ-म यांत रोज नव्यानं अडकत असेल, तोंडी सगळं सांगत असेल आणि कागदावर काही उतरत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अशा मुलाला आळशी म्हणण्यात गेलेलं प्रत्येक वर्ष त्याचं नुकसान करतं. हे पालकांनी मनावर घ्यावं, अशी कळकळीची विनंती.

शेवटी पुन्हा त्या वहीतलं २४. बरोबर उत्तर म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण तिथंही विचारा. एखादी मुलगी सांगेल, "अठ्ठावीसचे तीस व्हायला दोन, तिसाचे पन्नास व्हायला वीस, आणि वर दोन. दोन आणि वीस आणि दोन, चोवीस." तिनं हातचा घेतलाच नाही. मांडणी पुस्तकासारखी नाही म्हणून अर्धा गुण कापू नका. पन्नासची नोट आणि दोन रुपये हातात घेऊन उरलेले पैसे परत देताना मंडईतली मावशी असंच मोजते.